नवऱ्याचे खापरपणजोबा 1882 च्या सुमारास जर्मनीहून अमेरिकेला गेले, त्यांच्या जाण्याची नोंद कुठे मिळेल?

ताई, तुम्ही लिहिलंय की घरात सगळे म्हणतात ते ब्रेमेनहून बोटीत बसले, मूळचे 'प्रशियाचे' (तेव्हाच्या जर्मनीतलं सगळ्यात मोठं राज्य) होते, आणि ब्रेमेनची प्रवासी यादी काही केल्या सापडत नाहीये. ती शोधणं आधी थांबवा, कारण त्या काळातली यादी आता शिल्लकच नाहीये. जागा पुरत नाही म्हणून कित्येक वर्षांच्या जुन्या याद्या तिथल्याच लोकांनी नष्ट केल्या आणि उरलेल्या दुसऱ्या महायुद्धात गेल्या. वाचल्या त्या फक्त 1920 ते 1939 मधल्या, 3,017 याद्या, त्या ऑनलाइन फुकट बघता येतात पण तुमच्या उपयोगाच्या नाहीत.

हॅम्बुर्गच्या मात्र 1850 ते 1934 च्या याद्या टिकल्यात (पहिल्या महायुद्धातली वर्षं सोडून) आणि त्यात माणूस निघण्याआधी शेवटी कुठे राहत होता ते गाव लिहिलेलं असतं. म्हणून ब्रेमेन हे नुसतं घरातल्या बोलण्यातून आलं असेल तर हॅम्बुर्ग एकदा बघाच. तिथे दोन प्रकारच्या याद्या आहेत, थेट जाणाऱ्यांच्या वेगळ्या आणि आधी इंग्लंडला हल बंदरात उतरून, रेल्वेने लिव्हरपूलला जाऊन, तिथून दुसरी बोट पकडणाऱ्यांच्या वेगळ्या. हा दुसरा मार्ग स्वस्त पडायचा म्हणून गरीब लोक बरेचदा तसे जायचे, त्यामुळे अमेरिकेत उतरताना बोटीचं नाव एक आणि हॅम्बुर्गच्या यादीत दुसरंच, असं दिसलं तर हा आपला माणूस नाही असं लगेच ठरवू नका.

पण खरं सांगू का, बोट सापडली तरी काम होतंच असं नाही. न्यूयॉर्कला कॅसल गार्डनमध्ये उतरलेल्यांच्या त्या काळच्या यादीत नाव, वय, धंदा आणि बहुतेक वेळा फक्त देश, बस. तुम्हाला हवंय ते गाव. नाशिकला पंड्याकडे गेलं की तो आधी गाव आणि आडनाव विचारतो आणि मगच वही काढतो ना, जर्मनीत अगदी तसंच आहे, सगळ्या जुन्या नोंदी त्या त्या गावाच्या चर्चमध्ये नाहीतर नोंदणी कचेरीत, देशभराची एक अशी यादी नाही. आणि गाव बहुतेक वेळा अमेरिकेतच सापडतं.

माझ्या सुनेचं माहेर विस्कॉन्सिनचं, तिच्या घरचे पोमेरेनियातून, म्हणजे प्रशियाच्याच एका प्रांतातून आलेले. आम्ही दोघींनी मिळून शोधलं तेव्हा नागरिकत्वाच्या कागदात नुसतं जर्मनीच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडतो एवढंच होतं, 1906 च्या आधीच्या कागदांत बहुतेक एवढंच असतं. गाव मिळालं ते ल्युथेरन चर्चच्या दफनाच्या नोंदीत. पाद्री स्वतः जर्मन, त्यामुळे त्याने गाव लिहिलं, वर जिल्हा म्हणजे त्यांचा 'क्राइस' पण लिहिला. तुम्हीसुद्धा आधी 1900 ची जनगणना काढा, त्यात अमेरिकेत आल्याचं वर्ष असतं आणि ते कुठल्या काउंटीत होते तेही कळतं, मग तिथलं जर्मन चर्च शोधा, लग्न, बाप्तिस्मा, दफन सगळं बघा, जर्मन भाषेतल्या जुन्या स्थानिक पेपरातली निधनवार्ता बघा. स्वतःच्या माणसाचं गाव नाही मिळालं तर मुलांच्या बाप्तिस्म्याला जे साक्षीदार होते त्यांचं शोधा, कारण एका गावची माणसं एकमेकांच्या मागोमाग जाऊन शेजारीशेजारी राहायची. मला स्वतःला हा मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो आणि लोक नेमका हाच सोडतात.

गाव मिळालं की मेयर्सचा 1912 चा गावकोश ऑनलाइन आहे, त्यात बघा, पण क्राइस माहीत हवा कारण नॉयडॉर्फ नावाची गावं किती असतील विचारू नका. प्रशियाचा बराच पूर्वेकडचा भाग आता पोलंडमध्ये आहे आणि तिथली नावं 1945 नंतर बदलली, त्यासाठी कार्टेनमाइस्टर ही साइट चांगली. पोलंडच्या सरकारी अभिलेखागारांच्या स्कॅन केलेल्या वह्या फुकट मिळतात, जर्मनीतल्या प्रोटेस्टंट चर्चच्या आर्कियोन या साइटवर पैसे भरून आणि कॅथलिक नोंदी मात्रिकुला या साइटवर फुकट. प्रशियाच्या बहुतेक भागात सरकारी जन्ममृत्यू नोंदणी ऑक्टोबर 1874 पासूनची, म्हणजे तुमच्या खापरपणजोबांचा जन्म बहुतेक चर्चच्या वहीतच असणार. काही वह्या युद्धात गेल्यात, त्याची मनाची तयारी ठेवा.

देश सोडायची सरकारी परवानगी घ्यावी लागायची, ते कागदही असतात. वुर्टेमबर्ग आणि बाडेनचे तर फार छान जपलेत, नैऋत्य जर्मनीतून गेलेल्यांचा डेटाबेस बाडेन-वुर्टेमबर्गच्या अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवलाय. पण सैन्यात जावं लागू नये म्हणून कितीतरी तरुण पोरं न सांगताच निघून गेली, त्यांचे असे कागद नसतात.

कुरेंट म्हणजे जुनं जर्मन हस्ताक्षर वाचायला थोडं शिकून घ्या, त्यात ई आणि एन जवळजवळ सारखे दिसतात, त्यामुळे इंडेक्समध्ये आडनावं भलतीच होऊन बसतात. एकाच स्पेलिंगवर अडून राहू नका.

आणि त्यांच्यावरून आता जर्मन पासपोर्ट मिळेल का असं विचारलंत, तर तेव्हाच्या कायद्यानुसार दहा वर्षं देशाबाहेर राहिलं आणि वकिलातीत नाव नोंदवलं नाही तर नागरिकत्व जायचं. 1882 ला गेलेल्या माणसाचं ते 1892 च्या आसपास गेलेलं असणार, त्या आशेवर वकिलाला पैसे देऊ नका. चर्चचं नाव आणि काउंटी कळली की इथेच लिहा, नोंदीचा फोटो टाकलात तर वाचायला मी आणि सूनबाई दोघी मदत करू.