पहिली सिंहगड–राजगड–तोरणा: वेळेचं गणित असं मांड

सिंहगड–राजगड–तोरणा या डोंगरातल्या शर्यतीसाठी रोडवरच्या पेसवरून (किलोमीटरला लागणाऱ्या वेळेवरून) तू नऊ तासांचं टार्गेट काढलंयस, ते आधी खोडून टाक. डोंगरात किलोमीटर मोजून उपयोग नाही, चढ मोज. सिंहगडच्या पायवाटेने एकदा वर-खाली कर. पोटऱ्या शांत झाल्या की लगेच दुसऱ्यांदा. दुसऱ्या फेरीला लागलेला वेळ हाच तुझा खरा वेग.

चढ चालायचाच. हात मांडीवर दाबून, छोटी पावलं. लाज कसली, सगळेच चालतात! वेळ उतारावर वाचतो आणि मांड्याही तिथेच जातात. म्हणून सरावात उतार जास्त कर.

राजगडाच्या संजीवनी माचीवरून आळू दरवाज्याने उतरून तोरण्याकडे जाणारी धार लागते ना, तिथे पहिल्या वर्षीची माझी शर्यत संपली. तोरणा १,४०३ मीटर, समोर दिसतो पण जवळ येत नाही. उन्हात मी घटाघट नुसतं पाणी पीत राहिलो; बोटं सुजली, मळमळ सुटली. मीठ पोटात नव्हतं. पुढच्या वर्षी दर अर्ध्या तासाला दोन घोट इलेक्ट्रॉल, सोबत खारे दाणे, उकडलेला बटाटा, चिक्की. भूक लागायची वाट पाहिली नाही. ठरवलेल्या वेळेच्या बावीस मिनिटं आधी तोरण्याच्या पायथ्याला, शर्यत संपते त्या वेल्ह्यात होतो.

आणि हो, नवे बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नकोस. नखं आठवडाभर आधी काप, नाहीतर उतारावर अंगठा काळानिळा.