वाचकांचे प्रश्न : अंडाशयाचा कॅन्सर आणि रिपोर्टमधली एन्झाइम्स

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलीच्या उजव्या अंडाशयात मोठी गाठ निघाली. तेव्हा एलडीएच १८४० होतं. तपासणीत ‘डिसजर्मिनोमा’ आला. ऑपरेशननंतर पोटातल्या लसिका ग्रंथींत आजार उरल्यामुळे केमो सुरू आहे. दोन सायकलनंतर एलडीएच २१० झालं होतं, परवा मात्र ५९० आलं. आजार उलटला का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : एवढ्या एका आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. त्याआधी तीन-चार गोष्टी तपासून घ्यायला हव्यात.

एलडीएच म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज. हे एन्झाइम शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असतं. डिसजर्मिनोमा ही अंडबीज तयार करणाऱ्या मूळ पेशींपासून होणारी कॅन्सरची गाठ. तिच्या पेशी झपाट्याने वाढतात, झपाट्याने मरतातही, आणि मरताना त्यांच्यातलं एलडीएच रक्तात उतरतं. म्हणूनच या गाठीत त्याचा खरा उपयोग होतो : गाठ काढली, केमो लागू पडली की आकडा खाली येतो. पण पेशी कुठलीही फुटली तरी तो वाढतो, आणि घोळ होतो तो इथेच.

पहिलं पाहा, केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवण्याचं इंजेक्शन (फिलग्रास्टिम किंवा पेगफिलग्रास्टिम) दिलं होतं का? त्याने एलडीएच आणि अल्कलाइन फॉस्फटेज (यकृत आणि हाडांतलं एन्झाइम) दोन्ही वाढतात. पेशींचा आकडा एकदम चढलेला असताना एलडीएचही चढलं असेल, तर आधी संशय या इंजेक्शनवर घ्यावा.

दुसरं कारण नमुन्याचं. लाल पेशींमध्ये एलडीएच सीरमच्या (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाच्या) शंभरपटीहून जास्त असतं. केमोने शिरा बारीक झालेल्या असतात. मग बारीक सुई लावून सिरिंज जोरात ओढली जाते, रक्त सुईतूनच दाबून ट्यूबमध्ये सोडलं जातं, किंवा सीरम वेगळं न करता नमुना तासन्‌तास प्रवास करतो. लाल पेशी फुटतात, पिवळसर दिसायला हवं ते सीरम गुलाबी होतं आणि आकडा फुगतो. रिपोर्टखाली बारीक अक्षरात ‘हीमोलाइज्ड’ असा शेरा आहे का, ते शोधा. उलट बाजूही आहे : सीरम फ्रीजमध्ये ठेवलं तर एलडीएचचे काही प्रकार थंडीने निकामी होतात आणि आकडा खोटा कमी येतो.

तिसरं, बी-१२ ची कमतरता. शाकाहारी घरांत ती बरीच आढळते आणि त्यात एलडीएच चांगलंच वाढू शकतं. सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या तपासणीत) एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, १०० च्या वर असेल तर बी-१२ बघावं. मात्र काही केमो औषधांनीही एमसीव्ही वाढतो. यकृताच्या तपासण्याही सोबत पाहाव्यात.

तेव्हा पुढच्या सायकलच्या आधी, इंजेक्शनचा परिणाम ओसरल्यावर, त्याच लॅबमध्ये नव्याने रक्त द्या. सोबत एएफपी आणि बीटा एचसीजी (गाठीचा प्रकार ओळखायला मदत करणाऱ्या रक्ताच्या चाचण्या) करून घ्या. एएफपी वाढलेलं असेल तर गाठ शुद्ध डिसजर्मिनोमा नाही, तिच्यात दुसरा भाग मिसळलेला आहे असं धरून स्लाइड पुन्हा तज्ज्ञाला दाखवावी लागते. एलडीएच दुसऱ्यांदाही वाढलेलंच आलं, तर स्कॅनला उशीर करू नका.

आणि मुलीच्या पुढच्या आयुष्याबद्दल : ऑपरेशनआधीचं १८४० पाहून धीर सोडू नका. या गाठीला केमो फार चांगली लागू पडते. पसरलेल्या आजारातही १० पैकी ९ च्या आसपास मुली बऱ्या होतात. दुसरं अंडाशय आणि गर्भाशय राखलं असेल, तर बहुतेकींची पाळी परत येते आणि पुढे मूलही होऊ शकतं. नेहमीच्या ‘बीईपी’ (तीन औषधांच्या) केमोतलं ब्लिओमायसिन फुप्फुसाला त्रास देऊ शकतं. कोरडा खोकला किंवा जिना चढताना नवी धाप लागली, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षं तपासणी चुकवू नये, कारण आजार उलटला तर बहुधा याच काळात उलटतो.

प्रश्न : आई ५८ वर्षांची. अंडाशयाचा ‘हाय ग्रेड सीरस’ प्रकारचा कॅन्सर, तिसरी स्टेज. ऑपरेशनआधीच्या तीन केमोंनंतर सीए-१२५ ८४० वरून १२० वर आलं. पण गॅमा जीटी आणि अल्कलाइन फॉस्फटेज वाढलंय. हे वाईट लक्षण आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सीए-१२५ हे एन्झाइम नाही, ते मोठ्या आकाराचं ग्लायकोप्रोटीन (साखर जोडलेलं प्रथिन) आहे, आणि आईच्या प्रकारात लक्ष त्याच्याकडेच द्यायचं. ८४० वरून १२० म्हणजे सुमारे ८६ टक्के घट, हा चांगला प्रतिसाद आहे. केमोच्या पहिल्या १०० दिवसांतले किमान तीन आकडे आणि त्यांच्या तारखा असतील, तर डॉक्टर ‘केलिम’ नावाचा हिशेब काढू शकतात. तो १ किंवा त्याहून जास्त आला तर केमो जोमाने लागू पडतेय असं धरतात. म्हणून दर सायकलआधी रक्त द्या, लॅब बदलू नका. पोटाच्या ऑपरेशननंतर पहिले चार आठवडे हा आकडा फसवा असतो, कारण पोटातल्या आवरणाला सूज आली तरी तो वाढतो.

गॅमा जीटी (हेही यकृताचं एन्झाइम) आणि अल्कलाइन फॉस्फटेज दोन्ही वाढली असतील तर बोट यकृत किंवा पित्तनलिकेकडे जातं : औषधं, चरबीचं यकृत, खडा. नुसतं अल्कलाइन फॉस्फटेज वाढलं तर हाडं, किंवा वर सांगितलेलं इंजेक्शन. सोनोग्राफी करून घ्या. गॅमा जीटी जास्त असलेल्यांची वाटचाल सरासरीने जरा कमी चांगली, असं संशोधनात आढळलं आहे. पण ती गटाची सरासरी आहे, तिच्यावरून एका बाईचं भवितव्य सांगू नये. आईच्या बाबतीत सगळ्यात वजनदार प्रश्न एकच : ऑपरेशनमध्ये डोळ्यांना दिसणारा आजार पूर्ण निघाला का? ऑपरेशनची नोंद मागून घ्या, त्यात ते लिहिलेलं असतं.

प्रश्न : बहिणीच्या पोटात पाणी झालंय, सीए-१२५ ६२०. एक डॉक्टर कॅन्सर म्हणतात, दुसरे टीबी. (एक वाचक, नांदेड)

उत्तर : दोन्ही शक्य आहे. पोटाच्या टीबीत सीए-१२५ शेकड्यांत जातं आणि स्कॅनही कॅन्सरसारखाच दिसू शकतो. इथे एक एन्झाइम खरोखर कामाला येतं : अ‍ॅडेनोसीन डीअ‍ॅमिनेज, म्हणजे एडीए. पोटातल्या पाण्यात ते ४० च्या आसपास किंवा वर असेल तर टीबीकडे कल जातो. मात्र लिम्फोमातही ते वाढतं. त्याच पाण्याची पेशींसाठी तपासणी करा, सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) आणि कल्चर पाठवा. सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं ठरत नाही, पाण्यात जंतू फार थोडे असतात. शेवटचा शब्द तुकड्याचा, म्हणजे बायोप्सीचा. तो हातात येईपर्यंत अंदाजाने केमो नको, आणि अंडाशयात गाठ दिसत असेल तर ‘टीबीच्या गोळ्या देऊन बघू’ हेही नको.

प्रश्न : ऑपरेशन आणि केमो झाल्यावर आता ‘बीआरसीए’ तपासणी कशाला? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पुढच्या औषधासाठी आणि घरातल्यांसाठी.

पार्प हे डीएनएच्या एका धाग्यातला तुटलेपणा दुरुस्त करणारं एन्झाइम. दोन्ही धागे तुटले तर बीआरसीए जनुकांची यंत्रणा लागते. गाठीत ती बिघडलेली असताना औषधाने पार्पही अडवलं, तर पेशीला दुरुस्तीची वाट उरत नाही. पसरलेला आजार, बीआरसीए दोष आणि प्लॅटिनम केमोला (कार्बोप्लॅटिन, सिस्प्लॅटिन) चांगला प्रतिसाद, अशा स्त्रियांना ‘सोलो-१’ चाचणीत दोन वर्षांपर्यंत ओलापॅरिब हे पार्प अडवणारं औषध दिलं गेलं. सात वर्षांनी त्यांतल्या ६७ टक्के हयात होत्या, डमी गोळी मिळालेल्यांत ४६.५ टक्के. 

हे औषध केमो संपल्यावर साधारण दोन महिन्यांच्या आत सुरू करतात, म्हणून तपासणी लांबवू नका. रक्ताची चाचणी जन्मजात दोष दाखवते, गाठीची चाचणी फक्त गाठीतला दोषही पकडते; त्यासाठी हॉस्पिटलमधून पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या. दोष जन्मजात निघाला तर बहिणी, भाऊ, मुलगी, मुलगा यांच्यापैकी प्रत्येकात तो असण्याची शक्यता ५० टक्के. त्यांनी समुपदेशन घेऊनच तपासणी करावी.

ओलापॅरिबचा नेहमीचा डोस ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. हिमोग्लोबिन उतरतं, म्हणून पहिलं वर्ष दर महिन्याला सीबीसी करायचं. क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल यांसारख्या गोळ्या कुणी दिल्या तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. ग्रेपफ्रूट वर्ज्य, आणि त्याच जातकुळीतलं पपनसही टाळा. एखादी वेळ चुकली तर दुप्पट गोळ्या न घेता पुढचा डोस ठरल्या वेळी घ्यायचा.