सर शिकवत नसतील तर अर्थशास्त्र कसं काढायचं

सर वर्गात काही शिकवत नाहीत, हा तुझा राग रास्त आहे. तासभर गाईड वाचून दाखवायचं, फळ्यावर एक आकृती नाही, अन् शंका विचारली की 'परीक्षेला येत नाही'. पण भांडत बसू नकोस, इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात आहेत. हजेरी भर अन् शिकायचं काम वेगळं कर.

आधी बालभारतीचं बारावीचं अर्थशास्त्र घे, ई-बालभारतीवर फुकट पीडीएफ आहे. व्याख्या घोकण्यापेक्षा आकृती हातानं काढ. किंमत उभ्या अक्षावर, नग आडव्या. नुसती किंमत बदलली तर त्याच मागणी वक्रावर (कोणत्या किमतीला किती नग घेतले जातात ती रेघ) सरकायचं; उत्पन्न किंवा आवड बदलली तर अख्खा वक्र हलतो. निम्मी पोरं इथंच मार खातात.

मग लातूरच्या आडतीत चक्कर मार. २०१५ ला तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. पुढच्या खरिपाला जो तो तूर पेरत सुटला, पाऊसही बरा झाला, अन् २०१६-१७ च्या हंगामात तुरीचा भाव ५,०५० रुपये क्विंटलच्या हमीभावाखाली आला. पेरा कालच्या भावावर ठरतो, माल सहा महिन्यांनी येतो. भाव असा वर-खाली हेलकावतो, त्यालाच अर्थशास्त्रात कॉबवेब (कोळ्याचं जाळं) म्हणतात. घरी वडलांना विचार, गाईडपेक्षा नीट सांगतील.

जुने पेपर सोडव, प्रश्न फिरून फिरून तेच असतात. अन् सरांना विचारायचंच असेल तर वर्गात नको. तास झाल्यावर, काढलेली आकृती पुढं करून विचार.