नवख्या डॉक्टरला सोनोग्राफीवर अंडाशयाची गाठ साधी की कर्करोगाची हे ओळखायला शिकता येतं का?

हो, शिकता येतं, आणि सुरुवात आयओटा या अंडाशयाच्या गाठींवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या 'सिंपल रूल्स'पासून करावी. 2008 साली आलेल्या या नियमांत साध्या गाठीची 5 आणि कर्करोगाची 5 लक्षणं ठरवून दिली आहेत, त्यामुळे नुसत्या अंदाजावर भिस्त राहत नाही. एकाच कप्प्याची गाठ, तिच्यामागे पडणारी सावली, डॉप्लरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) रक्तप्रवाह अजिबात न दिसणं ही साधेपणाची चिन्हं. याउलट वेडीवाकडी घन गाठ, पोटात पाणी, आत वाढलेले 4 किंवा अधिक कोंब, भरपूर रक्तप्रवाह दिसला की सावध व्हायचं. नियम पाठ करणं सोपं आहे. खरी मेहनत घन भाग आणि गोठलेलं रक्त यांतला फरक ओळखण्यात आहे, कारण रक्ताची गुठळी हुबेहूब घन भागासारखी दिसते. प्रोबने (सोनोग्राफीच्या हातात धरायच्या उपकरणाने) हलकेच दाबून ती हलते का आणि तिच्यात रक्तप्रवाह आहे का, हे स्वतः पाहायला हवं. शक्य असेल तिथे आपलं निदान नंतर शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीच्या पॅथॉलॉजी अहवालाशी ताडून पाहा, हात त्यानेच बसतो. मात्र साधारण चारातल्या एका गाठीत हे नियम निर्णय देत नाहीत: दोन्ही बाजूंची लक्षणं दिसतात किंवा एकही दिसत नाही. अशी रुग्ण अनुभवी तज्ज्ञाकडेच पाठवावी.