गिअर निसटतोय? क्लचला दोष देऊ नका

क्लच घसरणं आणि गिअर निसटणं, ही गल्लत मोटरसायकलबद्दल येणाऱ्या प्रश्नांमध्ये पुन्हा पुन्हा येते. क्लच घसरला की इंजिनचा आवाज चढतो, वेग वाढत नाही, पण गिअर जागेवरच असतो. गिअर निसटला की खट् असा आवाज येतो आणि इंजिन एकदम मोकळं फिरू लागतं. आधी हे ओळखा.

दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पिळला की गिअर सुटतो. क्लच प्लेटा बदलल्या, फरक नाही.

फरक पडणारच नव्हता. गिअरचे दात एकमेकांत कायम अडकलेलेच असतात. गिअर पडतो तो डॉगमुळे: गिअरच्या बाजूला असलेले जाड खुंट शेजारच्या गिअरच्या खाचांत शिरतात. त्यांच्या कडा किंचित आत कललेल्या असतात, त्यामुळे जोर आला की दोन्ही गिअर एकमेकांना ओढून धरतात. अर्धवट पाय मारून किंवा क्लच पुरता न दाबता गिअर टाकत राहिलं की या कडा गोल होतात आणि तोच जोर गिअरला बाहेर ढकलायला लागतो. ढकललेला गिअर शिफ्ट फोर्कवर, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या काट्यावर रेलतो, फोर्कची टोकं झिजतात, कधी फोर्कच वाकतो. मग डॉग आणखी कमी शिरतो आणि कडा आणखी झिजतात. दुसऱ्याच गिअरचा बळी जास्त जातो, कारण बऱ्याच गाड्यांत पहिल्यातून तिथे जाताना मध्ये न्यूट्रल ओलांडावा लागतो आणि पायाचा झटका अपुरा पडतो.

म्हणून फक्त झिजलेला गिअर बदलून इंजिन पुन्हा जोडून टाकणाऱ्या मेकॅनिकला थांबवा. त्याचा जोडीदार गिअरही बदलायला हवा, नाहीतर जुन्या गोल कडा नव्याला खातात. फोर्कच्या टोकांची जाडी मायक्रोमीटरने मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. टोकं निळी पडली असतील तर मोजायचीही गरज नाही, फोर्क बाद. शिफ्ट ड्रम, म्हणजे फिरून फोर्कला हलवणारा खाचांचा दंडगोल, त्याच्या खाचांच्या कडा तपासा. काढलेली सर्क्लिप (गिअरला शाफ्टवर अडवून धरणारी कडी) पुन्हा बसवायची नाही. केसिंग बंद करण्याआधी शाफ्ट हाताने फिरवत सगळे गिअर टाकून बघायला सांगा. हे काम गिअरबॉक्स नेहमी उघडणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

इंजिन न खोलता काही होईल का?

कधी कधी. गिअर लिव्हर शाफ्टवर सैल आहे का, वाकून कव्हरला किंवा फूटरेस्टला टेकतो का, पाय काढल्यावर मधल्या जागी परत येतो का, हे बघा. क्लच लिव्हरचा फ्री प्ले (क्लच सुटू लागण्याआधीची मोकळी हालचाल) मॅन्युअलप्रमाणे लावा. बऱ्याच गाड्यांत ड्रमला जागेवर धरणारा स्टॉपर आर्म आणि त्याची स्प्रिंग क्लचकडच्या कव्हरमागे असते. तिथे पोचायला पूर्ण केसिंग फोडावं लागत नाही. स्प्रिंग तुटली असेल तर थोडक्यात सुटलात. एवढं करूनही जोर आल्यावर तोच गिअर सुटत असेल, तर दोष आत आहे.

ऑईलमध्ये टाकायचं एक द्रव्य मिळतं, त्याने गिअर घट्ट होतो म्हणे.

गोल झालेली कड बाटलीतून परत येत नाही. उलट घर्षण कमी करणारी द्रव्यं ऑईलमध्ये बुडालेल्या क्लचलाच घसरवतात. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं, जासो एमए किंवा एमए२ दर्जाचं (अशा ओल्या क्लचसाठीचा जपानी दर्जा) ऑईल घाला, बाकी काही नाही.

डॉगवर वेल्डिंग करून चालेल का?

नाही. उष्णतेने डॉगचा कठीणपणा जातो.

दुसरा गिअर टाळून, पहिल्यातून थेट तिसऱ्यात टाकून महिनाभर चालवली तर?

लिव्हरला दुसरा ओलांडूनच जावं लागतं, म्हणजे झिजलेले डॉग दर वेळी घासणारच. शिवाय डॉगचा तुकडा पडून गिअरबॉक्स अडकला तर मागचं चाक चालत्या गाडीत जाम होतं. क्लच दाबूनही ते सुटत नाही, कारण अडकण क्लचच्या पलीकडे असते. ऑईल काढून बघा: ड्रेन प्लगवर राखाडी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज, पण चकाकणारे तुकडे असतील तर गाडी सुरू करू नका, टेम्पोत घालून न्या.

गिअरबॉक्स जोडून झाल्यावर एक वॉशर उरला. गाडी चालतेय.

थांबवा. इंजिन पुन्हा उघडून तो जिथला आहे तिथे बसवून घ्या.