दुसऱ्याच्या मनातलं ओळखताना मेंदू संस्कृतीप्रमाणे वेगळा चालतो का?

हो, पण यंत्रणा बहुतांशी तीच असते. फरक पडतो तो तिला किती जोर लागतो यात.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपानी आणि गोऱ्या अमेरिकी लोकांना एफएमआरआय यंत्रात (मेंदूचा कोणता भाग कधी सक्रिय होतो ते दाखवणारं स्कॅनिंग यंत्र) फक्त डोळ्यांची पट्टी दिसेल असे फोटो दाखवले. त्या माणसाच्या मनात काय चाललंय, ते दिलेल्या शब्दांतून निवडायचं होतं. दोन्ही गटांना आपापल्या लोकांचे डोळे जास्त अचूक वाचता आले. सुपिरियर टेम्पोरल सल्कस ही कानाच्या वरून मागे जाणारी मेंदूची खाच. तिचा मागचा भाग दोघांनीही वापरला, पण आपापल्या लोकांचे डोळे पाहताना तो जास्त सक्रिय झाला. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण फरक दोन्ही बाजूंनी सारखाच दिसला.

निष्कर्ष मात्र जपून काढा. एफएमआरआय पेशींचे संदेश थेट मोजत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल टिपतो, आणि तो शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. अशा अभ्यासांतले गट बहुधा लहान असतात. शिवाय प्रश्न एका गटाला अवघड गेला, तर वाढलेली सक्रियता नुसत्या अवघडपणाची असू शकते. म्हणून आधी चुका आणि उत्तराला लागलेला वेळ बघा, मेंदूचे रंगीत नकाशे नंतर.