बातम्या संपल्या!

"मावशी, मी सोळा वर्षांची, अकरावीत आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून रोज एसटीनं तालुक्याला कॉलेजला जाते. मागच्या विधानसभा निवडणुकीपासून मला राजकारणाच्या बातम्यांचा नादच लागलाय. रात्री दीड-दोनपर्यंत रील्स, चर्चांचे तुकडे आणि त्याखालच्या शिव्या वाचत बसते. डोकं भणभणतं. एवढं बघूनही दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं, तर धड काही सांगता येत नाही. फॅमिली ग्रुपवर काकांशी वाद होतात, आई रागावते. बघणं बंद करावं, तर 'मला काय त्याचं' म्हणणाऱ्यांतली एक होईन अशी भीती वाटते. काय करू?"

अगं, तुझं दुखणं तूच बरोबर पकडलंयस. एवढं बघून धड काही सांगता येत नाही, इथंच सगळी गोम आहे. तू बातम्या बघतच नाहीयेस, बातम्यांवरची भांडणं बघतेयस.

आमच्या लहानपणी सकाळी सातच्या सुमाराला रेडिओवर मराठी बातम्या लागायच्या. दहा मिनिटांनी निवेदक म्हणायचे, "बातम्या संपल्या." वडील रेडिओ बंद करून दाढीला बसायचे. तेव्हा सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही, कितीतरी गोष्टी आमच्यापर्यंत पोचायच्याच नाहीत. पण बातम्या संपायच्या. तुझ्या फोनमध्ये त्या संपतच नाहीत, तेव्हा ते काम आता तुलाच करावं लागेल. संध्याकाळी वीस मिनिटं, एखादं वर्तमानपत्र किंवा एक बातमीपत्र, की झालं. फोन रात्री आईच्या खोलीत चार्जिंगला लाव. पहिले चार-पाच दिवस हात शिवशिवतील.

आता त्या वीस मिनिटांत काय वाचायचं? कोण कोणाला काय म्हणालं हे सोडून दे. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी. कोण कुठल्या गटात हे मलासुद्धा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावं लागलं होतं. त्यावर हजार रील्स बघण्यापेक्षा एक संध्याकाळ पक्षांतरबंदी कायदा समजून घे. निवडून आल्यावर पक्ष सोडला तर आमदारकी जाते, असं सांगणारा हा कायदा आला १९८५ साली. आधी एक तृतीयांश आमदार फुटून निघाले तर त्यांची आमदारकी वाचायची. २००३ च्या घटनादुरुस्तीनं ती वाट बंद केली. आता दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं असेल, तर दोन तृतीयांश आमदार लागतात. आमदार अपात्र की नाही हे ठरवतात विधानसभेचे अध्यक्ष, आणि चिन्हाचा वाद जातो निवडणूक आयोगाकडे. एवढं कळलं की "आम्ही फुटलोच नाही, खरा पक्ष आमचाच" असं दोन्हीकडचे का म्हणत होते, ते लगेच उमगतं.

आणि एक विषय अगदी जवळचा धर. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळा-कॉलेजला जायला एसटीचा मोफत पास मिळतो ना? तो कुणीतरी निर्णय घेतला म्हणून मिळतो. तुझ्या गावची संध्याकाळची गाडी वेळेवर येते का, नसेल तर अर्ज कोणाकडे करायचा, आगारात की सरपंचांकडे, ते शोध. सरकारच्या संकेतस्थळावर शासन निर्णय, म्हणजे जीआर, मराठीत वाचायला मिळतात. भाषा रुक्ष असते, झोप येईल. तुझ्या बाबतीत तो फायदाच म्हणायचा!

काकांचं काय? घरातल्या ग्रुपवर काकांना हरवून तुला काय मिळणार आहे, सांग. त्यांनी पुढचा व्हिडिओ टाकला की फक्त विचार, "काका, हा कधीचा आणि कुठला आहे?" कुठला तरी जुना व्हिडिओ आजचा म्हणून फिरवायचा, ही या धंद्यातली सर्रास चाललेली युक्ती. उत्तर आलं तर तुला माहिती मिळाली, नाही आलं तर गप्प बस. त्यांना आबा-आजींसमोर खोटं पाडू नकोस, माणूस मग हट्टाला पेटतो.

फोन बाजूला ठेवूनही झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, तर आईला सांग. मनाच्या त्रासाबद्दल बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

राहिली 'मला काय त्याचं'ची भीती. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ते १९८९ मध्ये. तुझा मतदानाचा नंबर लागायला अजून अवकाश आहे, पण सतरा पूर्ण झाल्यावर मतदार यादीसाठी आगाऊ अर्ज करता येतो, तो कर. तोवर गावच्या ग्रामसभेला जाऊन मागे बस. तुला हात वर करता येणार नाही, पण पाणीपट्टीवरून कोण उठून बोलतं, कोण खाली मान घालतं आणि ग्रामसेवक वहीत काय लिहितो, ते बघ. गाडीचा विषय निघाला, तर काय ठरलं ते मला लिहून कळव.

– मावशी